संग्रहाचा खेळ आणि वनप्रदेश : ‘पोकेमॉन गो’च्या अपेक्षाभंगाची मीमांसा

हातात धरून खेळावयाच्या व्हिडिओ खेळांकडे विद्वज्जनांचे लक्ष क्वचितच जाते. गेलेच, तर ते दोन ठरावीक भूमिकांतून जाते. एका भूमिकेनुसार हे खेळ म्हणजे मुलांची निरुपद्रवी करमणूक होय. दुसरीनुसार तो वेळेचा व डोळ्यांचा नाश होय. या दोन्ही भूमिकांत एक गोष्ट दृष्टिआड होते. ती ही की, प्रत्येक खेळ ही एक वाटपाची व्यवस्था असते. कोणाला काय मिळावे, कोठे मिळावे व कोणत्या श्रमाने मिळावे याचे नियम त्या व्यवस्थेत आधीच घालून दिलेले असतात. खेळाचा नकाशा कल्पित असतो तोपर्यंत या नियमांचा खऱ्या भूगोलाशी संबंध येत नाही. परंतु खेळ प्रत्यक्ष भूमीवर मांडला गेला, की वाटपाचे नियम हे भूमीविषयीचे विधान ठरतात.

जुलै २०१६ मध्ये प्रथम ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व अमेरिका या देशांत आणि डिसेंबर २०१६ मध्ये भारतात अधिकृतपणे आलेला ‘पोकेमॉन गो’ हा खेळ या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. खेळाडूने घर सोडून बाहेर पडावे, चालावे आणि वाटेत दडलेले अद्भुत प्राणी हुडकून त्यांचा संग्रह करावा, अशी त्याची योजना. सारी पृथ्वी हेच क्रीडांगण, असे त्याचे आश्वासन होते. पहिल्या काही आठवड्यांतच त्याचा प्रसार कोट्यवधी लोकांत झाला. तथापि, या आश्वासनाची कसोटी ज्या प्रदेशात लागावयास हवी, त्या चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांकडे पाहिले असता एक विसंगती समोर येते. जेथे प्राणिसृष्टी खरोखरीच विपुल आहे, तेथेच हा प्राणिसंग्रहाचा खेळ सर्वांत दरिद्री ठरावा अशी त्याची घडण आहे. हा योगायोग नव्हे. खेळाच्या रचनेतून हा परिणाम पायरीपायरीने कसा निष्पन्न होतो, हे स्पष्ट करणे हा या विवेचनाचा हेतू आहे.

१. मूळ खेळ व त्याची तीन सूत्रे

‘पोकेमॉन’ हा शब्द ‘पॉकेट मॉन्स्टर्स’ या शब्दांचा जपानी संक्षेप होय. ‘मॉन्स्टर’ या शब्दाला मराठीत ‘राक्षस’ हा प्रतिशब्द सहज सुचतो. पण तो येथे लागू पडत नाही. राक्षसाचे पारिपत्य करावयाचे असते. पोकेमॉनला पकडून, नाव देऊन, वाढवावयाचे असते. म्हणून ‘अद्भुत प्राणी’ हीच संज्ञा अधिक सार्थ होय.

या खेळाचे जनक सातोशी ताजिरी यांचा जन्म १९६५ सालचा. टोकियोच्या पश्चिमेस असलेल्या माचिदा या गावी त्यांचे बालपण गेले. शेते, तळी व झाडी यांत कीटक शोधण्याचा त्यांना विलक्षण छंद होता. पुढे तो परिसर नागरी वस्तीखाली गेला आणि कीटक पकडण्याच्या जागा नाहीशा झाल्या. जी मौज पुढील पिढीच्या मुलांना मिळणार नव्हती, ती तिला अन्य मार्गाने मिळावी, या इच्छेतून आपला खेळ जन्मला असे ताजिरी यांनी सांगितले आहे. निन्टेंडो कंपनीचा ‘गेम बॉय’ हा हातात मावणारा संच १९८९ साली निघाला होता. दोन संच जोडणारी तार पाहून त्या तारेवरून कीटक एका संचातून दुसऱ्या संचात सरपटत जात आहेत, अशी कल्पना त्यांना सुचली. प्रदीर्घ खटपटीनंतर फेब्रुवारी १९९६ मध्ये जपानात हा खेळ ‘तांबडी’ व ‘हिरवी’ अशा दोन आवृत्त्यांत प्रसिद्ध झाला.

त्या संचाचा पडदा १६० गुणिले १४४ ठिपक्यांचा आणि त्यावर रंगाच्या छटा अवघ्या चार. साधने इतकी तुटपुंजी असूनही खेळ यशस्वी झाला, याचे कारण त्याच्या तीन सूत्रांत आहे. पहिले सूत्र शोधाचे : गवतात एक जीव, गुहेत दुसरा, पाण्यात तिसरा, अधिवास ओळखल्याशिवाय प्राणी सापडत नाही. दुसरे सूत्र नोंदीचे : सापडलेल्या प्रत्येक जीवाची ‘पोकेडेक्स’ नामक नोंदवहीत भर पडते, म्हणजे संग्रह हा ज्ञानाच्या रूपाने साठत जातो. तिसरे सूत्र विनिमयाचे : काही प्राणी केवळ एका आवृत्तीत व काही केवळ दुसऱ्या आवृत्तीत ठेवलेले असल्यामुळे एकट्या खेळाडूचा संग्रह कधीच पूर्ण होत नाही, त्याला मित्राकडे जाऊन देवाणघेवाण करावीच लागते. कीटक जमविणाऱ्या मुलांचा सारा व्यवहार या तीन सूत्रांत उतरला आहे.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. या मूळ खेळातील प्रदेश संपूर्णपणे कल्पित होता. तो टोकियोतील मुलाला जसा दिसे, तसाच तो चंद्रपुरातील किंवा भामरागडातील मुलाच्या हाती संच आला असता त्यालाही दिसला असता. संच विकत घेण्याची ऐपत हा भेद होताच. परंतु खेळ सुरू झाल्यावर राहत्या गावामुळे कोणाच्या वाट्याला कमी रान येत नसे.

२. अपेक्षाभंगाचे तीन प्रकार

या मालिकेतील खेळांनी चाहत्यांची निराशा केल्याची उदाहरणे अनेक आहेत. पण ती सर्व एका जातीची नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये निघालेल्या ‘स्कार्लेट’ व ‘व्हायोलेट’ या आवृत्त्यांत चित्रे अडखळणे, आकृत्या जमिनीतून आरपार जाणे असे दोष इतके होते की निन्टेंडोला जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली; आणि तरीही पहिल्या तीन दिवसांत त्यांच्या एक कोटीहून अधिक प्रती विकल्या गेल्या. हा तांत्रिक अपेक्षाभंग होय. त्यापूर्वी २०१९ च्या ‘स्वोर्ड’ व ‘शील्ड’ या आवृत्त्यांत आधीचे सर्व प्राणी आणता येणार नाहीत असे निर्मात्यांनी घोषित केले, तेव्हा वर्षानुवर्षे जपलेला संग्रह पुढे नेता येणार नाही म्हणून खेळाडूंनी मोठा निषेध केला. हा वचनाचा अपेक्षाभंग होय.

‘पोकेमॉन गो’चा अपेक्षाभंग याहून निराळा आहे. तांत्रिक दोष दुरुस्तीने जातो. मोडलेले वचन पुढील आवृत्तीत काही अंशी पाळता येते. पण जो दोष भूमीच्या वर्णनातच असतो, तो खेळाच्या पायात असतो. याला स्थानाचा अपेक्षाभंग म्हणता येईल.

३. खेळाचा नकाशा कसा तयार झाला

‘पोकेमॉन गो’ची निर्मिती नियांटिक या अमेरिकी कंपनीने केली. जॉन हँके यांनी गूगलमध्ये असताना ही संस्था उभी केली आणि २०१५ साली ती स्वतंत्र झाली. तिचा आधीचा खेळ ‘इंग्रेस’ हा २०१२ साली सुरू झाला होता. त्या खेळात प्रत्यक्ष जगातील पुतळे, मंदिरे, भित्तिचित्रे, ऐतिहासिक फलक इत्यादी स्थळे ही ‘द्वारे’ मानली जात. ती स्थळे बहुतांशी त्या खेळाच्या खेळाडूंनीच छायाचित्रांसह सुचविली होती. २०१५ साली नवी स्थळे स्वीकारणे बंद झाले आणि पुढील वर्षी हाच साठा ‘पोकेमॉन गो’मध्ये ‘पोकेस्टॉप’ व ‘जिम’ या नावांनी वापरण्यात आला.

यावरून पहिला निष्कर्ष निघतो. इंग्रेसचे आरंभीचे खेळाडू मुख्यत्वे शहरात राहणारे व नव्या यंत्रांची आवड असणारे होते. त्यांनी जी स्थळे सुचविली, ती त्यांच्या वावरातील होती. म्हणजे ‘पोकेमॉन गो’चा जगाचा नकाशा हा जगाचा नव्हे, तर त्या लोकांच्या पायवाटांचा नकाशा होता. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात याला पुरावा मिळाला : ग्रामीण भागांत व अल्पसंख्य वंशांची वस्ती अधिक असलेल्या भागांत पोकेस्टॉपचे प्रमाण लक्षणीय रीतीने कमी आढळले.

दुसरा निष्कर्ष स्थळ निवडण्याच्या कसोटीवरून निघतो. झाड, डोंगर, धबधबा, नदी अशा नैसर्गिक गोष्टी स्वतः होऊन स्थळ ठरू शकत नव्हत्या. त्यांच्याजवळ मनुष्याने उभारलेला फलक किंवा खूण असेल, तर तो फलक स्थळ ठरे. या नियमामागील व्यावहारिक कारण उघड आहे : झाडे असंख्य आहेत आणि दूर बसलेल्या परीक्षकाला एक झाड दुसऱ्यापासून ओळखता येत नाही. परंतु नियमाचा परिणाम असा की, अरण्य हे व्याख्येनेच ‘स्थळ’ या संज्ञेच्या बाहेर पडते.

तिसरी बाब अर्थव्यवहाराची. प्राणी पकडण्यासाठी जे चेंडू लागतात ते पोकेस्टॉपजवळ गेले असता विनामूल्य मिळतात. ते संपले आणि जवळपास पोकेस्टॉप नसले, तर पैसे देऊन घ्यावे लागतात. शहरात एका फेरीत अनेक स्थळे लागतात. म्हणून तेथील खेळाडूला हा खेळ फुकट वाटतो. विरळ वस्तीच्या प्रदेशात तोच खेळ खर्चाचा होतो. ज्याच्या गावात काही नाही, त्यालाच किंमत मोजावी लागावी, असा हा उलटा न्याय आहे.

४. दोन जिल्ह्यांची स्थिती

२०११ च्या जनगणनेनुसार चंद्रपूर जिल्ह्याची लोकसंख्या २२,०४,३०७ व घनता दर चौरस किलोमीटरला १९३ होती. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातूनच वेगळा झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, लोकसंख्या १०,७२,९४२ आणि घनता अवघी ७४. गडचिरोलीची सुमारे दोन-तृतीयांश भूमी वनाच्छादित आहे आणि लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण ३८ टक्क्यांहून अधिक आहे.

वरील कसोट्या या प्रदेशाला लावून पाहिल्या असता काय होते? चंद्रपूर शहराभोवतीचा गोंडकालीन कोट, त्याचे जटपुरा, पठाणपुरा, बिनबा व अंचलेश्वर हे दरवाजे, महाकालीचे मंदिर, बल्लारपूरचा किल्ला ही स्थळे त्या कसोटीला उतरण्याजोगी आहेत. गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेच्या काठचे मार्कंडा येथील देवालय तसेच आहे. पण धानोरा, एटापल्ली वा भामरागड या तालुक्यांतील एखाद्या पाड्यात राहणाऱ्या मनुष्याच्या दृष्टीने ज्या जागा महत्त्वाच्या, त्या कोणत्या? मार्च-एप्रिलमध्ये ज्याखाली फुले वेचावयाची ते मोहाचे झाड, मे महिन्यात तेंदूपाने मोजून द्यावयाचे संकलन केंद्र, नदीतील मासेमारीचा डोह, गावदेवाची झाडाखालची जागा, गोटुलाचे आवार. यांतील बहुतेक जागांना फलक नाही, कोरीव काम नाही, आणि त्यांचे महत्त्व दूर बसलेल्या परीक्षकाला छायाचित्रावरून कळण्याजोगे नाही. त्या गावाच्या स्मृतीत त्या ठसठशीत आहेत. खेळाच्या नकाशात त्या केवळ कोरा हिरवा रंग होत.

याला दुसरे व अधिक कठोर बंधन दूरसंचाराचे. हा खेळ चालण्यासाठी दोन गोष्टी अखंड लागतात : उपग्रहांवरून मिळणारे स्थाननिदर्शन आणि इंटरनेटची जोडणी. पहिली अरण्यातही मिळते. दुसरी मिळत नाही. भारतात हा खेळ अधिकृतपणे आला तो रिलायन्स जिओ कंपनीच्या सहकार्याने. त्या कंपनीची सेवा सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालेली व केवळ ४जी पद्धतीची होती; तिच्या समूहातील दुकानांना खेळात पोकेस्टॉपचे व जिमचे स्थान देण्यात आले. दुकान हे स्थळ, आणि अरण्य हे स्थळ नव्हे, असा याचा अर्थ झाला. त्याच काळात नक्षलग्रस्त जिल्ह्यांसाठी केंद्र सरकारच्या योजनेखाली भारत संचार निगमने जे टॉवर उभारले, ते २जी पद्धतीचे होते. त्यांवर बोलणे होई, पण अशा खेळाला लागणारा माहितीचा प्रवाह त्यांना पेलण्यासारखा नव्हता. महाराष्ट्रासह दहा राज्यांतील अशा २,३४३ ठिकाणांचे ४जीमध्ये रूपांतर करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली ती एप्रिल २०२२ मध्ये. म्हणजे खेळाची लाट उसळली तेव्हा हा प्रदेश तिच्या कक्षेबाहेर होता, आणि तो कक्षेत येऊ लागला तेव्हा ती लाट ओसरून गेली होती.

५. मागाची विद्या व तिचे लोपणे

वनप्रदेशाचा विचार करता या खेळातील आणखी एक घटना अर्थपूर्ण आहे. आरंभी खेळात जवळपासच्या प्राण्यांची यादी दिसे आणि प्रत्येक प्राण्यासमोर एक, दोन किंवा तीन पाऊलखुणा असत. खुणा कमी झाल्या की प्राणी जवळ आला, वाढल्या की दिशा चुकली, असे समजून खेळाडू त्याचा माग काढी. ही सोय जुलै २०१६ मध्येच बिघडली व महिनाअखेर काढून टाकण्यात आली. पुढे त्याच वर्षी तिची जागा नव्या पद्धतीने घेतली. तीत प्राणी कोणत्या पोकेस्टॉपजवळ आहे हे चित्रानेच दाखविले जाई.

हा बदल वरवर किरकोळ दिसतो. परंतु त्याने शोधाचे पहिले सूत्रच निकामी केले. पूर्वी खेळाडूला अनुमान करावे लागे. आता त्याला पत्ता मिळू लागला. आणि तो पत्ताही पोकेस्टॉपच्या संदर्भात असल्यामुळे, जेथे पोकेस्टॉप नाहीत तेथे तो सुद्धा मिळेना. माग काढणे म्हणजे अपुऱ्या खुणांवरून अनुपस्थित प्राण्याविषयी निश्चित विधान करणे होय. ओल्या मातीतील पंजा, झाडाच्या सालीवरील ओरखडा, वानरांची हाक, चितळांचे एकाएकी स्तब्ध होणे, यांवरून वाघ कोठे व किती वेळापूर्वी होता हे सांगणारी माणसे ताडोबाच्या परिसरात आजही आहेत. हे ज्ञान अनुमानाच्या शिस्तीचे आहे. ज्या खेळाने ही शिस्त लक्षावधी शहरी मुलांना अल्प प्रमाणात का होईना शिकविली असती, त्याने ती पहिल्याच महिन्यात सोडून दिली.

६. विनिमयाचा अभाव व उत्साहाची ओहोटी

तिसऱ्या सूत्राचीही अशीच गत झाली. मूळ खेळाचा प्राण जो विनिमय, तो ‘पोकेमॉन गो’मध्ये आरंभी नव्हताच, तो जून २०१८ मध्ये आला, आणि खेळाडूंमधील परस्परांशी झुंज त्याच वर्षाच्या डिसेंबरात. त्याआधी जून २०१७ मध्ये सामूहिक चढायांची सोय करण्यात आली होती. परंतु बलिष्ठ प्राणी जिंकण्यासाठी अनेक खेळाडूंनी एकाच वेळी एकाच जागी जमणे त्यात आवश्यक होते. चौरस किलोमीटरला ७४ माणसांची वस्ती असलेल्या जिल्ह्यात, त्यांतील किती जणांकडे योग्य मोबाइल असेल व त्यांतील किती जण हा खेळ खेळत असतील याचा हिशोब केला, म्हणजे ही सोय कोणासाठी होती हे वेगळे सांगावयास नको. दुरून भाग घेण्याची मुभा मिळाली ती २०२० साली, जागतिक साथीच्या काळात; आणि तीही मोल देऊन.

या खेळाने लोकांना चालावयास लावले, हे त्याचे श्रेय मान्य केले पाहिजे. २०१६ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात खेळात रमलेल्या व्यक्तींची चाल दिवसाला सरासरी १,४७३ पावलांनी वाढल्याचे आढळले. तथापि, त्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासात पहिल्या आठवड्यात दिसलेली ९५५ पावलांची वाढ सहाव्या आठवड्यापर्यंत नाहीशी झाली होती. या दोन निष्कर्षांत विरोध नाही. ज्यांच्यापुढे शोध व सोबत होती ते चालत राहिले. इतरांचे कुतूहल नाविन्याबरोबर संपले. कुतूहल टिकविणारी तीन सूत्रे ज्या प्रमाणात क्षीण झाली, त्या प्रमाणात ओहोटी लवकर आली, असे अनुमान करण्यास जागा आहे.

७. एक आक्षेप

येथे असा आक्षेप घेतला जाईल की, अरण्यात हा खेळ चालत नाही हे इष्टच आहे. पडद्यावर डोळे लावून वाघाच्या रानात फिरणे हा जिवाशी खेळ होय. ताडोबाच्या गाभा क्षेत्रात पर्यटकाला पायी हिंडण्याची व वाहनातून उतरण्याची मनाई आहे. ती योग्यच आहे. शिवाय, ज्या जिल्ह्यांत आरोग्य, शिक्षण व रस्ते यांचे प्रश्न बिकट आहेत, तेथे मोबाइलवरील खेळ मिळाला नाही म्हणून हळहळण्याचे कारण काय?

हा आक्षेप अर्धा खरा आहे. खेळ या रानात पोहोचावा, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळाच आहे. जो नकाशा कोट्यवधी मुलांच्या हातात पडला, त्याने अरण्य रिकामे आहे असे सांगितले. आणि तो नकाशा प्राण्यांविषयीचा होता. २००२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अँड्र्यू बामफोर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील १०९ शाळकरी मुलांचा एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध केला होता. आठ वर्षे वयाच्या मुलांना दाखविलेल्या पोकेमॉनांपैकी ७८ टक्के ओळखता आले, तर देशातील सामान्य वन्य प्राण्यांपैकी व वनस्पतींपैकी केवळ ५३ टक्के. या आकड्यांवरून मुलांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांचा खरा अर्थ असा की, शेकडो जीवांची नावे, रूपे व सवयी लक्षात ठेवण्याची शक्ती मुलांत भरपूर असते. तिला खाद्य कोण पुरवितो, एवढाच प्रश्न उरतो.

मोठी माणसेही याला अपवाद नाहीत. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. तेथे येणाऱ्या अनेक पर्यटकांचा हिशोब आज अमुक वाघीण दिसली की नाही, अमुक वाघ दिसला की नाही, असा नावनिशीवार असतो. वाघ न दिसल्यास फेरी वाया गेली असे मानले जाते. मग त्या फेरीत रानकुत्र्यांचा कळप, मत्स्यगरुड व पानगळीचे सागवान दिसले असले तरी. दुर्मिळ तेवढेच मोलाचे आणि बाकीचे पार्श्वभूमी, हा संग्राहक खेळाचा न्याय खऱ्या अरण्यालाही लागू झाला आहे. फरक इतकाच की, खेळातील दुर्मिळता निर्माता ठरवितो. वाघाची दुर्मिळता मनुष्याने अधिवास तोडल्यामुळे आली आहे.

८. नोंदीचा दुसरा मार्ग

ताजिरी यांच्या मूळ कल्पनेतील तीन सूत्रे कल्पित प्राण्यांवाचूनही साधता येतात, हे दाखविणारे उपक्रम उपलब्ध आहेत. २००८ साली अमेरिकेत सुरू झालेला ‘आयनॅचुरलिस्ट’ आणि भारतातील ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’ यांवर सामान्य माणूस पाहिलेल्या जीवाची छायाचित्रासह नोंद करतो आणि इतर जाणकार त्याची ओळख पटवितात. येथे एक तांत्रिक भेद बोधप्रद आहे. आयनॅचुरलिस्टवर रानात, रेंज नसताना, नोंद करून ठेवता येते व गावी आल्यावर ती पाठविता येते. ‘पोकेमॉन गो’मध्ये हे शक्य नाही, कारण कोणत्या जागी कोणता प्राणी आहे हे तेथे दूरचा संगणक क्षणोक्षणी ठरवीत असतो. खऱ्या रानात ते आधीच ठरलेले असते. म्हणून एका पद्धतीत टॉवरवाचून रान ओसाड होते, दुसरीत होत नाही. अर्थात या नोंदीही शहरांच्या व रस्त्यांच्या आसपास दाटतात, हे विसरून चालणार नाही. नोंदणाऱ्याच्या पायवाटांचा दोष येथेही शिरतो.

त्या दोषावर उपाय नोंदणारा बदलणे हाच होय. २००२ च्या जैविक विविधता कायद्यान्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. ही नोंदवही म्हणजे गावाने स्वतःच्या भूमीचा केलेला नकाशा होय. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. त्याआधी कित्येक वर्षे त्या गावात अभ्यासगटांची परंपरा चालत आली होती. जंगलाविषयीचा निर्णय घेण्यापूर्वी त्याचा एकत्र बसून अभ्यास करावा, अशी तेथील रीत. शोध, नोंद व विनिमय ही तिन्ही सूत्रे तेथे आहेत. मात्र संग्रहाला ऋतूची मर्यादा आहे आणि वाटणीला ग्रामसभेची संमती लागते.

भाषेच्या बाजूने या कामाची दिशा मारुती चितमपल्ली यांनी दाखविली. वनखात्याच्या सेवेत विदर्भातील रानांत आयुष्य घालविलेल्या या लेखकाने पक्ष्यांची, प्राण्यांची व वृक्षांची नावे वनवासी माणसांकडून ऐकून टिपली आणि पुढे कोशरूपाने मराठीत आणली. जून २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. कोश हीही एक नोंदवहीच आहे. गोंडी व माडिया या भाषांतील नावांचे असेच काम व्हावयाचे, तर ते सांगणाऱ्याच्या नावावर व त्याच्या गावाच्या संमतीने झाले पाहिजे; अन्यथा ज्ञानाच्या बाबतीतही तेंदूपानांचीच कथा पुन्हा घडेल, की वेचणारे एकीकडे व व्यापार दुसरीकडे.

९. उपसंहार

सारांश असा. ‘पोकेमॉन गो’ने वनप्रदेशाची निराशा केली ती चित्रे ओबडधोबड होती म्हणून नव्हे, किंवा प्राणी थोडे होते म्हणूनही नव्हे. त्याचा नकाशा एका विशिष्ट वर्गाच्या वावरातून तयार झाला. त्याच्या कसोटीने अरण्याला स्थळ मानले नाही. त्याची यंत्रणा अखंड जोडणीवर उभी होती. आणि शोध व विनिमय ही मूळ सूत्रे त्याने आरंभीच सैल सोडली. यांपैकी पहिली दोन कारणे केवळ खेळाची नव्हेत. शासकीय सर्वेक्षण, पर्यटनाच्या पुस्तिका, किंवा विद्यापीठीय संशोधनासाठी निवडलेले नमुने यांतही ‘स्थळ’ कशाला म्हणावयाचे हे कोणीतरी आधी ठरवीत असते, आणि बहुधा ते रस्त्याच्या कडेला बसून ठरविले जाते.

गडचिरोलीत २०११ साली गोंडवाना विद्यापीठाची स्थापना झाली. वनजिल्ह्यांतील पदव्युत्तर विद्यार्थ्याला त्यामुळे आपल्या भूमीचा अभ्यास तेथेच राहून करण्याची सोय झाली आहे. एका परक्या खेळाच्या कोऱ्या नकाशाने या विद्यार्थ्यापुढे जो प्रश्न मांडला, तो खेळापेक्षा मोठा आहे : हिरव्या रंगाच्या त्या कोऱ्या जागेत काय काय आहे, त्याची नावे कोणती, आणि ती नावे कोणाला विचारावयाची? याचे उत्तर पायी चालल्यावाचून व माणसांशी बोलल्यावाचून मिळणार नाही.